टस्कीगीची उड्डाणशाळा: एका लष्करी ‘प्रयोगा’ची साध्या शब्दांत ओळख

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी हवाई दलाने नव्याने भरती झालेल्या जवानांना दाखवल्या जाणाऱ्या काही ध्वनिचित्रफिती अभ्यासक्रमातून काढून टाकल्या, आणि त्यावर टीकेची झोड उठताच अवघ्या काही दिवसांत त्या पुन्हा दाखवायला सुरुवात केली. टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो येथील प्रशिक्षण केंद्रातली ही घडामोड बातम्यांत गाजली, कारण त्या फिती दुसऱ्या महायुद्धातल्या ‘टस्कीगी एअरमेन’ या कृष्णवर्णीय वैमानिकांविषयी आणि त्याच काळात लष्करासाठी विमाने चालवणाऱ्या स्त्रियांविषयी होत्या. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका उड्डाणशाळेवरून आजही सरकारला निर्णय फिरवावा लागतो, असे त्या शाळेत काय होते, हा प्रश्न बातमी वाचणाऱ्या अनेकांना पडला असेल.

मराठी वाचकाला टस्कीगी हे नाव मात्र परके नाही. अलाबामा राज्यातल्या याच लहानशा गावी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये शिक्षणसंस्था उभी केली आणि १८९६ पासून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथे शेतीशास्त्र शिकवत राहिले. कार्व्हरांची गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांचे निधन ५ जानेवारी १९४३ रोजी त्याच संस्थेच्या आवारात झाले, तेव्हा गावाजवळच्या दोन विमानतळांवर कृष्णवर्णीय तरुण युद्धासाठी विमान चालवायला शिकत होते, ही गोष्ट मात्र आपल्यापर्यंत फारशी पोहोचलेली नाही. भुईमुगाच्या त्या प्रयोगशाळेचे आणि या उड्डाणशाळेचे गाव एकच होते.

## युद्धकाळात वैमानिक घडवतात कसे?

शाळेचे वेगळेपण कळायचे असेल तर आधी सर्वसाधारण पद्धत समजून घेतली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विमान चालवण्याचे शिक्षण तीन पायऱ्यांनी होई. पहिली पायरी प्राथमिक, दुसरी मूलभूत आणि तिसरी प्रगत, आणि प्रत्येक पायरी साधारण नऊ-दहा आठवड्यांची असे. तिन्ही पायऱ्या पार करेपर्यंत शिकाऊ वैमानिकाचे सुमारे दोनशे तासांचे उड्डाण होई, आणि मगच त्याच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागत.

प्राथमिक पायरीवर बहुधा ‘स्टिअरमन’ नावाचे विमान असे. दोन मजली पंख, त्यांवर ताणून बसवलेले कापड, दोन उघडी आसने आणि शेपटीखाली एक छोटे चाक, अशी त्याची ठेवण होती. शेपटी जमिनीला टेकलेली असल्यामुळे नाक आभाळाकडे असे आणि समोरचे काहीच दिसत नसे, त्यामुळे जमिनीवर चालवताना विमान नागमोडी वळवत, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून वाकून पुढचा रस्ता पाहावा लागे. भरलेली हातगाडी ओढली तर सरळ येते, पण मागून ढकलायला गेले तर तिचे तोंड फिरते. या विमानाचे वजन मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे उतरताना त्याची गत अशीच होई आणि जरा पाय चुकला की ते जागच्या जागी गरकन फिरून पंख जमिनीवर आपटे. प्रशिक्षक पुढच्या आसनावर बसे, विद्यार्थी मागच्या. दोघांमध्ये एक रबरी नळी असे, जिच्या एका टोकात प्रशिक्षक बोले आणि दुसरे टोक विद्यार्थ्याच्या कानाशी पोहोचलेले असे. ही नळी एकाच दिशेने चाले. विद्यार्थ्याला ऐकता येई, उत्तर देता येत नसे.

सायकल शिकवताना मागे कॅरिअर धरून पळणारा माणूस एका क्षणी हात सोडतो. उड्डाणातला तसा क्षण म्हणजे ‘सोलो’, म्हणजेच विद्यार्थ्याचे पहिले एकट्याचे उड्डाण, आणि तो साधारण दहा-बारा तासांच्या सरावानंतर येई. फरक एवढाच की सायकलवरून पडले तर गुडघा फुटतो. ज्याला ठरल्या वेळेत एकट्याने विमान नेऊन सुखरूप उतरवता येत नसे, त्याची परीक्षक घेऊन पुन्हा चाचणी होई आणि तीतही तो अडखळला तर त्याला उड्डाणातून बाद करत.

पुढच्या पायरीवर बंद काचेचे, जास्त ताकदीचे विमान येई आणि केवळ उपकरणांकडे पाहून उडणे, रात्रीचे उड्डाण, रेडिओवरचे बोलणे या गोष्टी शिकवल्या जात. तिसऱ्या पायरीवर चाके पोटात ओढून घेणारे वेगवान ‘एटी-६’ येई, त्यावर समूहाने उडण्याचा आणि नेमबाजीचा सराव होई. ज्यांना पुढे मोठी विमाने चालवायची असत, त्यांच्यासाठी दोन इंजिनांचे विमान असे.

ही सारी व्यवस्था म्हणजे एक मोठी चाळण होती. जुलै १९३९ ते ऑगस्ट १९४५ या काळात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने सुमारे १ लाख ९३ हजार वैमानिक तयार केले आणि त्याच काळात सुमारे १ लाख २४ हजार विद्यार्थी बाद झाले किंवा शिकतानाच अपघातात दगावले. म्हणजे दर पाचांतले दोन जण गळत होते, आणि ते गोरे असले तरी गळत होते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

## मग वेगळी शाळा कशासाठी?

कारण या चाळणीपर्यंत कृष्णवर्णीय तरुणाला पोहोचूच दिले जात नव्हते. पहिल्या महायुद्धात जॉर्जियात जन्मलेल्या युजीन बुलार्डला विमान चालवण्यासाठी फ्रान्सच्या सैन्यातून लढावे लागले, आणि बेसी कोलमनला १९२१ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी फ्रेंच शिकून फ्रान्सला जावे लागले. १९२५ मध्ये अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजने तयार केलेल्या अहवालात कृष्णवर्णीयांचा मेंदू लहान असतो, संकटात त्यांचे धैर्य टिकत नाही आणि जबाबदारी पेलण्याची त्यांची कुवत नसते, असे शास्त्राचा आव आणून लिहिले होते. लष्कराची धोरणे पुढे दीड दशक अशा समजुतींवर चालली.

यातून एक विलक्षण चक्र तयार झाले होते. कृष्णवर्णीयांचे एकही स्क्वाड्रन, म्हणजे वीस-पंचवीस विमानांची लढाऊ तुकडी, नव्हते. गोऱ्यांच्या स्क्वाड्रनमध्ये त्यांना घ्यायचे नाही असे धोरण होते. म्हणून त्यांना वैमानिक करण्याचे कारण नाही, आणि वैमानिकच नाहीत म्हणून त्यांचे स्क्वाड्रन काढता येत नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे ज्याने भोगले आहे त्याला ही कोंडी समजावून सांगावी लागणार नाही. बेंजामिन डेव्हिस या तरुणाने वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षे काढली. त्या चार वर्षांत कामापुरते सोडून एकही सहाध्यायी त्यांच्याशी शब्द बोलला नाही आणि त्यांच्या खोलीत कोणी राहायला आले नाही. १९३६ मध्ये ते २७६ जणांत ३५ वे आले. त्यांनी हवाई दलासाठी अर्ज केला, तेव्हा नकाराचे कारण हेच देण्यात आले, की त्यांना पाठवायला कृष्णवर्णीयांची तुकडी नाही.

ही कोंडी फुटली ती टप्प्याटप्प्याने. युद्धाची चिन्हे दिसू लागल्यावर १९३९ मध्ये सरकारने महाविद्यालयांतून नागरी वैमानिक तयार करण्याची योजना आणली आणि कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांच्या व संघटनांच्या रेट्यामुळे त्यांच्या काही महाविद्यालयांना तीत जागा मिळाली, त्यांत टस्कीगीही होते. जानेवारी १९४१ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या यान्सी विल्यम्स या विद्यार्थ्याने प्रवेश नाकारल्याबद्दल सरकारला न्यायालयात खेचण्याची तयारी केली, आणि त्याच महिन्यात १६ जानेवारीला युद्ध खात्याने कृष्णवर्णीयांचे एक लढाऊ स्क्वाड्रन काढण्याचे जाहीर केले. २२ मार्च १९४१ रोजी ९९ वे स्क्वाड्रन कागदोपत्री अस्तित्वात आले.

## टस्कीगीच का?

शिकागोमध्ये कृष्णवर्णीय वैमानिकांची एक जिवंत परंपरा होती. विला ब्राउन आणि कॉर्नेलियस कॉफी तिथे स्वतःची उड्डाणशाळा चालवत होते. तरीही निवड झाली दक्षिणेतल्या अलाबामाची. हवामान हे एक खरे कारण होते, कारण उत्तरेतल्या बर्फाच्या महिन्यांत सराव खोळंबतो आणि अलाबामात जवळजवळ वर्षभर उडता येते. टस्कीगी संस्थेकडे वसतिगृहे, कार्यशाळा आणि तंत्रशिक्षणाची शिस्त आधीपासून होती, हे दुसरे. पण जे कारण मोकळेपणाने बोलले जात नव्हते ते असे, की दक्षिणेत काळे-गोरे वेगळे ठेवण्याचे कायदेच होते, त्यामुळे वेगळ्या शाळेवर तिथे कोणी प्रश्न विचारणार नव्हते.

संस्थेने युद्ध खात्याशी करार करून प्राथमिक पायरी चालवायला घेतली. विमानतळासाठी पैसे नव्हते, तेव्हा रोझनवाल्ड निधी या दानसंस्थेने १ लाख ७५ हजार डॉलरचे कर्ज दिले आणि संस्थेचे दुसरे प्राचार्य रॉबर्ट मोटन यांचे नाव देऊन ‘मोटन फील्ड’ तयार झाले. पुढच्या दोन पायऱ्यांसाठी लष्कराने काही मैलांवर मोठा तळ बांधला, ज्याचे बांधकाम नॅशव्हिलच्या मॅकिसॅक अँड मॅकिसॅक या कृष्णवर्णीय कंत्राटदारांच्या कंपनीकडे होते.

मोटन फील्डवरचे मुख्य प्रशिक्षक होते चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन, ज्यांना सगळे ‘चीफ’ म्हणत. त्यांना तरुणपणी कोणीही उड्डाण शिकवेना, तेव्हा त्यांनी उसनवारी करून स्वतःच विमान विकत घेतले, एका जर्मन वैमानिकाकडून विद्या मिळवली आणि १९३२ मध्ये व्यावसायिक वाहतुकीचा परवाना मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी झाले. २९ मार्च १९४१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीला आल्या असताना अँडरसन यांच्या मागे विमानात बसल्या आणि गावावरून फेरफटका मारून आल्या. ते छायाचित्र देशभर छापून आले. त्या फेरीमुळेच ही योजना सुरू झाली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, पण वरच्या तारखा पाहिल्या की लक्षात येते, स्क्वाड्रन त्याच्या आठवडाभर आधीच स्थापन झाले होते. त्या फेरीने योजनेला चेहरा दिला आणि कर्जाच्या कामाला बळ दिले, कारण रूझवेल्टबाई त्या निधीच्या विश्वस्त होत्या. बारा-पंधरा वर्षे चाललेल्या अर्ज-विनंत्या, खटले आणि वृत्तपत्रीय मोहिमा यांचे श्रेय मात्र एका छायाचित्राला देणे बरोबर नाही.

## ‘प्रयोग’ म्हणजे काय, आणि तो कुणावर?

लष्कराच्या दृष्टीने ही शाळा एक ‘प्रयोग’ होती. कृष्णवर्णीय माणूस लढाऊ विमान चालवू शकतो का, हे पाहायचे होते. इथे एक गोंधळ आधी दूर करतो. ‘टस्कीगीचा प्रयोग’ म्हटले की अनेकांना याच गावातले ते कुप्रसिद्ध वैद्यकीय प्रकरण आठवते, ज्यात सरकारी आरोग्यसेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून रोगाची वाटचाल पाहिली. ते प्रकरण वेगळे आहे आणि वैमानिकांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण एकाच गावी, एकाच काळात, एकाच समाजाला ‘प्रयोगाचा विषय’ समजणारे सरकार दोन्हीकडे होते, हे नजरेआड करता येत नाही.

पहिल्या वर्गाचे नाव होते ४२-सी, म्हणजे १९४२ मध्ये उत्तीर्ण होणारा तिसरा वर्ग. हीच मोजणी देशभरच्या सर्व उड्डाणशाळांत होती. जुलै १९४१ मध्ये या वर्गात तेरा जण दाखल झाले आणि ७ मार्च १९४२ रोजी त्यांतले पाच पंख लावून बाहेर पडले: आता कॅप्टन असलेले बेंजामिन डेव्हिस, हार्टफर्डमधील पोलिसाची नोकरी सोडून आलेले लेमुएल कस्टिस, चार्ल्स डेबो, जॉर्ज रॉबर्ट्स आणि मॅक रॉस.

तेरांतून पाच. शंकेखोरांना हे अपयश वाटले असणार. पण गोऱ्यांच्या शाळांतही पाचांतले दोन गळत होते, आणि इथे तर तेरा हा आकडाच इतका लहान आहे की दोन-तीन माणसांनी टक्केवारी कुठल्या कुठे जाते. खरा अन्याय संख्येत नव्हताच. गोरा विद्यार्थी बाद झाला तर तो एकटा बाद होई. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येई आणि गोऱ्या समाजाच्या कुवतीबद्दल कोणी अहवाल लिहीत नसे. टस्कीगीचा विद्यार्थी अडखळला की कोट्यवधी लोकांबद्दलचा निष्कर्ष टेबलावर तयार असे. आपल्याकडे गावातून पहिली मुलगी शिकायला शहरात जाते, तेव्हा तिच्या गुणपत्रिकेवर मागच्या साऱ्या मुलींचे भवितव्य टांगलेले असते आणि तिच्या भावाच्या गुणपत्रिकेवर फक्त त्याचे. हे ओझे डोक्यावर घेऊन ही मुले त्या कापडी पंखांच्या विमानात चढत होती.

## सगळ्या इयत्ता एकाच खोलीत

या शाळेची जी अडचण मला सर्वांत बोलकी वाटते, ती फारशी सांगितली जात नाही. इतर शिकाऊ वैमानिक प्राथमिक पायरी एका तळावर, मूलभूत दुसऱ्या राज्यात आणि प्रगत तिसरीकडे करत, आणि प्रत्येक तळ एकाच कामात तरबेज झालेला असे. टस्कीगीला मात्र जवळजवळ सगळेच एका ठिकाणी करावे लागे. वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंतची मुले एका खोलीत बसतात आणि गुरुजी एका फळ्यावर सगळे शिकवतात, तशी ही अवस्था होती. त्याच तळावर एका इंजिनाची विमाने, दोन इंजिनांची विमाने, तोफखान्याला दिशा दाखवणारी हलकी विमाने, आणि शिकून झालेल्यांना युद्धाच्या विमानाची ओळख करून देणारे वर्ग, सगळे चाले.

सुरुवातीचे वर्ग दहा-पंधरा जणांचेच असत आणि बाहेर प्रवेशासाठी ताटकळणाऱ्यांची यादी लांबत जाई, कारण देशभरातल्या कृष्णवर्णीय उमेदवारांसाठी दार एकच होते. १९४१ ते १९४६ या काळात टस्कीगीतून सुमारे एक हजार वैमानिक बाहेर पडले. नेहमी दिला जाणारा आकडा ९९२ आहे. तो वर सांगितलेल्या १ लाख ९३ हजारांशी ताडून पाहिला तर दर दोनशे वैमानिकांमागे एक असा हिशेब येतो. त्या वेळी देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण दहा टक्के होते. म्हणजे शाळा मिळाली ती वीस जणांना हवी असताना एकाला पुरेल एवढी.

विमानाची देखभाल करणारे यांत्रिक, हवामानाचे जाणकार, पॅराशूट घडी करणारे, शस्त्रे भरणारे, परिचारिका आणि डॉक्टर हेही कृष्णवर्णीयच हवेत, असा वेगळेपणाचा अर्थ होता. ९९ व्या स्क्वाड्रनच्या यांत्रिकांना इलिनॉयमधल्या शानूट तळावर शिकवण्यात आले. एका वैमानिकाला हवेत ठेवण्यासाठी जमिनीवर अनेक हात लागतात, आणि त्या सर्वांची नवी फळी शून्यातून उभारावी लागली.

## ‘वेगळी का होईना, शाळा तर मिळाली’

हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. जे मिळाले ते पदरात पाडून घ्यावे, असे मानणारे लोक कृष्णवर्णीय समाजातही होते, आणि टस्कीगी संस्थेची भूमिका तशीच होती. दुसरी बाजू विल्यम हेस्टी यांची. युद्धमंत्र्यांचे नागरी सल्लागार असलेल्या या न्यायाधीशांना सुरुवातीपासून वेगळी शाळाच मान्य नव्हती आणि हवाई दल वेगळेपणाची प्रथा सोडायला तयार होईना, तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या, पण हेस्टी यांचे म्हणणे पुढच्या घटनांनी खरे ठरवले. वेगळा पाणवठा बांधून दिला म्हणून तहान भागते, पण पाणवठा वेगळा का, हा प्रश्न तसाच राहतो, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

तळावरचे वातावरण बरेचसे तळप्रमुखावर अवलंबून असे. कर्नल फ्रेडरिक फॉन किंबल यांच्या काळात उपाहारगृहापासून स्वच्छतागृहांपर्यंत ‘गोऱ्यांसाठी’ आणि ‘रंगीतांसाठी’ अशा पाट्या होत्या. युद्धासाठी तयार होणाऱ्या माणसाला स्वतःच्याच तळावर पाटी वाचून दार निवडावे लागे. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या नोएल पॅरिश यांनी त्या पाट्या काढल्या आणि विद्यार्थ्यांशी बरोबरीच्या नात्याने वागायला सुरुवात केली. पॅरिश गोरे, दक्षिणेतच वाढलेले; पण त्यांनी स्वतः या मुलांसोबत उडून त्यांचे काम पाहिले होते. तळाच्या फाटकाबाहेर मात्र त्यांचाही इलाज चालत नव्हता.

## युद्धात काय झाले?

९९ वे स्क्वाड्रन एप्रिल १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेकडे निघाले आणि जूनमध्ये पँटेलेरिया बेटावरच्या मोहिमेत उतरले. २ जुलै १९४३ रोजी सिसिलीवर चार्ल्स हॉल यांनी पहिले शत्रूविमान पाडले. तरीही ज्या गटाला हे स्क्वाड्रन जोडले होते त्याचे प्रमुख कर्नल विल्यम मोमायर यांनी वर अहवाल पाठवला, की या वैमानिकांत आक्रमकता नाही, त्यांना आघाडीवरून हटवावे.

ऑक्टोबर १९४३ मध्ये डेव्हिस यांना वॉशिंग्टनमध्ये समितीपुढे उभे राहून उत्तर द्यावे लागले, आणि त्यांच्या उत्तरातच या शाळेच्या रचनेचा दोष दडलेला होता. नव्या लढाऊ तुकडीत चार-दोन मुरलेले वैमानिक असतात. त्यांच्या शेजारी उडत नवखे शिकतात, जसा नवा ड्रायव्हर जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून घाट शिकतो. ९९ व्या स्क्वाड्रनमध्ये लढाईचा अनुभव असलेला एकही माणूस नव्हता, असणे शक्यच नव्हते, आणि अनुभवी गोरे वैमानिक त्यांच्यात मिसळणे धोरणात बसत नव्हते. पहिल्या काही आठवड्यांचा चाचपडलेपणा त्यातून आला होता. लष्कराने मग आकडे तपासले, आणि त्याच प्रकारची विमाने चालवणाऱ्या त्या आघाडीवरच्या इतर तुकड्यांच्या तुलनेत हे स्क्वाड्रन कुठेही कमी नाही, असा निष्कर्ष निघाला. अहवाल बाहेर येण्यापूर्वीच, जानेवारी १९४४ च्या अखेरीस, इटलीतल्या अँझिओवर या वैमानिकांनी दोन दिवसांत डझनभर शत्रूविमाने पाडली होती.

## ‘त्यांनी एकही बॉम्बर गमावला नाही’, हे खरे का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढे कृष्णवर्णीयांची चार स्क्वाड्रने मिळून ३३२ वा गट झाला, डेव्हिस त्याचे प्रमुख झाले, विमानांच्या शेपट्या लाल रंगवल्या गेल्या आणि जून १९४४ पासून इटलीतून जर्मनीकडे जाणाऱ्या बॉम्बर विमानांची पाठराखण हे त्यांचे मुख्य काम ठरले. बॉम्बर म्हणजे उसाने भरलेली बैलगाडी: जड, संथ आणि वाट न सोडणारी. पाठराखण करणाऱ्याला मोह होतो तो दिसलेल्या शत्रूमागे घोडा फेकण्याचा, कारण नाव शत्रू पाडणाऱ्याचे होते. डेव्हिस यांची सक्त ताकीद होती, की गाडी सोडून पाठलागावर जायचे नाही.

त्यांनी कधीच एकही बॉम्बर शत्रूविमानांच्या हाती जाऊ दिला नाही, ही कथा युद्ध संपताना पसरली आणि अनेक दशके टिकली. हवाई दलाचे इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी मोहिमांची मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा पाठराखणीच्या १७९ मोहिमांपैकी ७ मोहिमांत किमान २७ बॉम्बर पडल्याचे आढळले. त्यांतले पंधरा एकट्या १८ जुलै १९४४ च्या दिवशी पडले. बर्लिनवरच्या २४ मार्च १९४५ च्या मोहिमेत, जिथे या वैमानिकांनी तीन जर्मन जेट विमाने पाडली, तिथेही तीन बॉम्बर गेले.

पण याच तपासणीत असेही दिसले, की त्याच दलातल्या इतर पाठराखणी गटांनी प्रत्येकी सरासरी ४६ बॉम्बर गमावले होते. सत्तावीस हा आकडा त्याहून कितीतरी चांगला आहे. जे हयात होते त्यांतल्या काहींना हा शोध दुखावून गेला, आणि ते समजण्यासारखे आहे. ज्यांच्यावर आयुष्यभर खोटे अहवाल लिहिले गेले, त्यांच्या एका अभिमानाच्या वाक्यावर कोणी लाल रेघ मारली तर राग येणारच. तरी मला वाटते, की जी शाळा खोट्या ‘शास्त्रा’विरुद्ध उभी राहिली, तिच्याबद्दल खरा आकडाच सांगणे हा तिचा मान आहे.

## शाळेने शिकवले, पुढे दार उघडले का?

१९४४ मध्ये ४७७ वा बॉम्बर गट काढण्यात आला. त्याला नुसते वैमानिक नव्हे, तर दिशादर्शक आणि बॉम्ब टाकणारे तज्ज्ञही लागत, जे टस्कीगीत तयार होत नव्हते. त्यांची जमवाजमव होईपर्यंत युद्ध संपत आले आणि हा गट लढाईवर गेलाच नाही. त्याची लढाई इंडियाना राज्यातल्या फ्रीमन तळावर झाली. एप्रिल १९४५ मध्ये तिथल्या प्रमुखांनी अधिकाऱ्यांचा क्लब ‘प्रशिक्षक’ आणि ‘प्रशिक्षणार्थी’ असा विभागला, आणि ही विभागणी प्रत्यक्षात गोरे-काळे अशीच होती. कृष्णवर्णीय अधिकारी छोट्या छोट्या गटांनी, नीट गणवेशात, शांतपणे गोऱ्यांच्या क्लबमध्ये शिरले आणि अटक करून घेतली. नियम मान्य असल्याच्या कागदावर सही करा असा लेखी हुकूम आला, तेव्हा १०१ जणांनी सही नाकारली. युद्धकाळात वरिष्ठाचा थेट हुकूम मोडण्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा असते, हे त्यांना वाचून दाखवले होते. अखेरीस एकालाच किरकोळ दोषी ठरवण्यात आले आणि तो निकालही १९९५ मध्ये रद्द करण्यात आला.

२६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांत समान वागणुकीचा आदेश काढला. त्याला कारणे अनेक होती, निवडणुकीचे राजकारणही होते. पण वेगळे तळ, वेगळे वर्ग आणि वेगळे क्लब चालवण्यात पैसा, वेळ आणि माणसे वाया जातात, हे हवाई दलाला स्वतःच्या अनुभवातून कळले होते आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या या दलाने १९४९ मध्ये मिश्र तुकड्या करायला सुरुवात केली. त्याच वर्षी मे महिन्यात लास व्हेगासजवळ झालेल्या हवाई दलाच्या नेमबाजीच्या स्पर्धेत पंख्याच्या विमानांच्या गटात ३३२ व्या गटाचा संघ पहिला आला. त्या संघातले हॅरी स्ट्युअर्ट पुढे प्रवासी विमानांच्या कंपन्यांत नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांना रंगामुळे नकार मिळाला. ते अभियंता झाले आणि शंभर वर्षांचे होऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्या चित्रफितींच्या वादानंतर काही दिवसांनी, वारले.

टस्कीगीचा शेवटचा वर्ग जून १९४६ मध्ये पंख घेऊन बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी लष्कराने मोठा तळ बंद केला. मोटन फील्ड मात्र उरले, आणि चीफ अँडरसनही उरले. ज्या मैदानावर त्यांनी पहिल्या वर्गाला विमान जमिनीवर नागमोडी चालवायला शिकवले होते, त्याच मैदानावर ते युद्धानंतर कित्येक दशके नव्या मुलांना उड्डाण शिकवत राहिले. १९९६ मध्ये ते गेले. आज तिथले हँगर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेले आहेत, आणि शेजारच्या धावपट्टीवर अजूनही लहान विमाने उतरतात.